ठकुबाईचे सहा तास

यशवंतपूर
२७ ऑक्टोबर २०२३

अलकाक्का,

समोर आलो तर तू तोंड फिरवशील, म्हणून इथूनच वाकून नमस्कार करतो.

आयुधपूजेच्या दिवशी जे झालं त्यात माझी चूक किती, याचा चार दिवस विचार करतोय. ग्राइंडरच्या कारखान्यात मी शर्यतीची गाडी बांधली, ही चूक नाही. एकसष्टाव्या वर्षी माणसाला हौस असू शकते. तिला आईचं नाव दिलं, हीसुद्धा चूक नाही. पुढच्या बाजूला एवढ्या मोठ्या अक्षरांत 'ठकुबाई' लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. पाणी आलंच, पण वेगळ्या कारणाने. पूजा झाली, कोहळा फोडला, आपल्या फिटर वेणुगोपालने इंजिन सुरू केलं, गाडी दहा फूट गेली आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. यंत्र आहे, होतं असं. पण समोरचा प्लायवूडवाला साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अय्यो, ठकुबाई गेली!" त्याला मी काय करणार?

तू तिथेच सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "आईला दुसऱ्यांदा मारलंस. ही गाडी सहा तासांची शर्यत शेवटपर्यंत पोचेल त्या दिवशी तुझ्याशी बोलेन. तोवर एक शब्द नाही." आणि रिक्षात बसून जे. पी. नगरला निघून गेलीस. प्रसादही घेतला नाहीस.

अक्का, शपथ न बोलण्याची आहे, न लिहिण्याची नाही. शिवाय मी स्वतः तुझ्याकडे यायला निघालो तर गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नललाच अर्धा जन्म जातो. पोस्टमन दोन दिवसांत पोचतो.

आणि सहा तास म्हणजे काय मोठंसं? आपले ग्राइंडर हॉटेलांत रोज आठ-आठ तास डोशाचं पीठ वाटतात आणि तक्रार करत नाहीत. गाडी तरी वेगळं काय करते? फिरतच असते. वर्षभरात तुला बोलायला लावतो.

तुझा
कृष्णा


जे. पी. नगर
४ नोव्हेंबर २०२३

कृष्णा,

आशीर्वाद. पुरा नाही, अर्धा.

पत्र लिहिलेलं चालेल का, यावर मी दोन दिवस घालवले. चालेल असं ठरवलं. शिवानी म्हणाली, "आई, मग व्हॉट्सॅपवरच लिही ना मामाला." मी साफ नाही म्हटलं. तिथे लिहिलेलं तत्क्षणी पोचतं, समोरचा तत्क्षणी उलटून लिहितो. ते बोलणंच झालं की. शपथ घ्यायची आणि मागच्या दाराने मोडायची, हे आपल्या घरात चालत नाही.

तू म्हणतोस, नाव दिलं ते चुकलं नाही. अरे, गाडी म्हटली की ती बंद पडणार, धूर सोडणार, तिचं तेल गळणार. उद्या मैदानात लाउडस्पीकरवर सांगतील, ठकुबाईच्या मागून धूर निघतोय. आई कारखान्याच्या काउंटरवर बसायची तेव्हा गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आत यायचं. 'लक्ष्मी' ठेवायचं होतंस, 'कावेरी' ठेवायचं होतंस, कोणाची हरकत नव्हती.

शपथ मी मागे घेणार नाही. लहानपणापासून तुझं सगळं अर्धवट. तबला अर्धा शिकलास, टायपिंग अर्धं शिकलास, घराच्या गच्चीला रंग अर्धा दिलास तो अजून तसाच आहे. एकदा काहीतरी शेवटाला ने.

शिवानीने फोटो दाखवला. गाडीला दोन सीटा दिसतात. दुसरीवर कोण बसणार? आणि पहिलीवर कोण बसणार? तू बसणार नाहीस, एवढं उलट टपाली कळव. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आत्ताच काढलाय.

अलका


यशवंतपूर
१८ फेब्रुवारी २०२४

अक्का,

नमस्कार. उशीर झाला, कारण गाडी तीनदा खोलली आणि तीनदा जोडली. दर वेळी दोन-चार बोल्ट उरले. वेणुगोपाल म्हणतो, "उरले म्हणजे नको होते सार." पस्तीस वर्षं माझ्याकडे फिटर आहे, मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

तुझ्या दुसऱ्या सीटचं. या गाडीला प्रोटोटाइप म्हणतात. म्हणजे फक्त शर्यतीसाठी बांधलेली. हिच्यासारखी दुसरी तुला रस्त्यावर दिसणार नाही, आणि दिसू नये असं शेजारी म्हणतात. अशा गाडीत ड्रायव्हरशेजारी आणखी एका माणसाची जागा ठेवायची, असा नियम आहे. त्या जागेवर कोणी बसायचं मात्र नाही. सांगाडा चौकोनी पाइपांचा, आपल्याच वेल्डिंगचा. इंजिन मोटारसायकलचं. वरचं अंग एका पाण्याच्या टाक्या करणाऱ्याकडून करून घेतलं. गाडीला छप्पर नाही, तरी त्याने पावसात गळणार नाही अशी लेखी गॅरंटी दिली.

आनेकलच्या पुढे नवा ट्रॅक झालाय, तिथे पहिली चाचणी केली. अकरा फेऱ्या धावली! उजवीकडे सुरेख वळते. डावीकडे वळायला मात्र तिला विनंती करावी लागते. वेणुगोपालचं म्हणणं असं की, आयुष्यभर आपण एकाच बाजूला फिरणारं यंत्र केलं, हाताला तीच सवय लागलीय.

मी चालवणार नाही, काळजी नको. वेणुगोपाल आणि एस. आर. नावाचा एक बाहेरचा ड्रायव्हर आळीपाळीने चालवतील. हा एस. आर. वयाने तिशीच्या आतला, अंगाने हलका आणि धाडसी आहे. कोणाचं ऐकत नाही, एवढाच दोष. घरी आईला त्याने सांगितलेलं नाही. आई फार भांडखोर आहे म्हणे.

तुझा
कृष्णा


जे. पी. नगर
२६ फेब्रुवारी २०२४

कृष्णा,

आशीर्वाद, पाऊण.

तुझ्या एस. आर.ला सांग, शनिवारी सकाळी नुसती कॉफी ढोसून निघतोस ते बरं नव्हे. त्याला दहावीपासून पित्ताचा त्रास आहे. दहीभात बरोबर न्यावा. केस लांब असतील तर घट्ट बांधावेत, हेल्मेटमध्ये गुंता होतो आणि मग रविवारभर आईला तो सोडवत बसावं लागतं. आणि भांडखोर आईबद्दल बाहेर बोलू नये. आयांना कळतं.

इकडचं विशेष काही नाही. आमची शिवानी कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकायला लागली. दर शनिवारी क्लास असतो, आनेकलच्या बाजूला. येते तेव्हा कपड्यांना पेट्रोलचा वास येतो. जर्मन शिकायला एवढं पेट्रोल लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.

गाडी डावीकडे वळत नाही हे काही बरोबर नाही. ते आधी नीट करून घे. घाई करू नकोस.

अलका


यशवंतपूर
२३ जुलै २०२४

अक्का,

नमस्कार. एस. आर.च्या पित्ताचं तुला कसं कळलं, हे वेणुगोपाल आणि मी दोघे विचार करत बसलो. वडीलधाऱ्यांना अंदाज येतो, असं शेवटी ठरलं. शिवानीच्या जर्मनला माझ्या शुभेच्छा.

परवा, रविवारी, आपली पहिली शर्यत झाली. बारा गाड्या, आपला नंबर सव्वीस. नियम असा की, सहा तास संपल्याचा झेंडा पडल्यावर गाडीने स्वतःच्या ताकदीवर रेषा ओलांडायची. तरच शर्यत पुरी केली असं निकालात लिहितात. मधे कितीही वेळा थांबा, दुरुस्त करा, पण शेवटी तिथे गाडी हजर पाहिजे. मला हा नियम फार आवडला. आईच्या स्वभावाला धरून आहे.

पहिले साडेतीन तास काय सांगू! ठकुबाई हूं की चूं न करता पळत होती. आवाज थेट आपल्या ग्राइंडरचा. पलीकडच्या तंबूतल्या माणसाने येऊन विचारलं, डोसे कधी सुटणार. आपण अकरावे होतो. बारावी गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला जाऊन भेटली होती, पण ते सोड.

तीन तास पन्नास मिनिटं झाली आणि गाडीला ठसका लागला. खरोखर ठसका. एकदा, दोनदा, मग गप्पच. तंबूत ढकलत आणली. तिथे चालतं ढकललेलं. इंजिनाला हवा नेणारं नळकांडं उघडलं, तर आत एक लिंबू आणि सात मिरच्या. इंजिनाने श्वासाबरोबर ओढून घेतल्या होत्या आणि इंजिनाच्या उष्णतेने त्यांचं आत अर्धंमुर्धं लोणचं झालं होतं. मुख्य तपासनीस भीमाचार्य म्हणून आहेत. बाहत्तर वर्षांचे, कपाळावर गोपीचंदन, नियमांचं पुस्तक रेशमी कापडात बांधून बगलेत. त्यांनी ते लिंबू चिमट्याने उचललं, हुंगलं, आणि फॉर्मवर बाद होण्याचं कारण काय लिहावं म्हणून पंचवीस मिनिटं पुस्तक चाळलं.

हे कोणी केलं असेल? मला तो टाक्यांवाला वाटतो.

तुझा, अजून अबोल्यात असलेला
कृष्णा


जे. पी. नगर
१ ऑगस्ट २०२४

कृष्णा,

आशीर्वाद.

लिंबाचं वाचून वाईट वाटलं. हल्ली लोक कुठेही काहीही बांधतात. मला विचारशील तर ज्याने बांधलं त्याने भल्यासाठीच बांधलं असणार. हिरव्या दोऱ्यात ओवून, सात मिरच्या मोजून कोणी वाईट चिंतत नाही. दृष्ट तर लागलेलीच होती, सगळी गल्ली बघत होती.

खरा दोष तुझा. हवा आत जाते तिथे जाळी का नाही बसवलीस? ग्राइंडरला झाकण देतोस ना? आई असती तर हेच विचारती.

साडेतीन तास बंद पडली नाही, हे मात्र मी दोनदा वाचलं. शिवानीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, मला माहीत आहे," आणि मग लगेच म्हणाली, "म्हणजे पेपरात आलं होतं." कुठल्या पेपरात, ते विचारलं नाही.

जाळी बसव.

अलका


यशवंतपूर
९ डिसेंबर २०२४

अक्का,

काल दुसरी शर्यत होती. ठकुबाईने त्यात शून्य फेऱ्या मारल्या. सुरू व्हायच्या आधीच बाद.

सगळं सांगतो, कारण आज मला राग आला आहे आणि तो कागदावर उतरलेला बरा. गाडीचं वजन किमान पाचशे किलो लागतं. वेणुगोपालने वेगासाठी दिसेल तिथे भोकं पाडली होती, त्यामुळे शनिवारी काट्यावर चारशे सत्त्याण्णव भरली. वजन वाढवायला घन वस्तू सीटवर बोल्टने आवळून बसवता येते. हाताशी काय होतं? तू शिवानीबरोबर पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा पाच किलोचा स्टीलचा डबा. मी भीमाचार्यांना विचारलं. त्यांनी एक लाडू घेऊन टेबलावर वाजवून पाहिला, दुसरा वाजवून पाहिला आणि म्हणाले, "घन आहे." डबा दुसऱ्या सीटवर आवळला, त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला सील लावलं. पाचशे दोन किलो! मी तुला मनातल्या मनात दंडवत घातला.

रविवारी सकाळी पुन्हा वजन. पाचशेला दोनशे ग्रॅम कमी. म्हणजे दीड लाडवाने. सील तुटलेलं, डब्यात सतरा लाडू कमी. वेणुगोपाल मान खाली घालून म्हणाला, "सार, अक्कांच्या हातचे होते. एकच घेतला." बाकीचे सोळा एकेक घेतलेले दिसतात. मी डब्यात दोन लोखंडी पाने ठेवतो म्हटलं, चार ठेवतो म्हटलं. भीमाचार्य म्हणाले, "रूल अंद्रे रूल, नियम म्हणजे नियम. सील तुटलं, विषय संपला."

आता माझा विषय. लिंबू हिरव्या दोऱ्यात होतं, हे मी तुला लिहिलंच नव्हतं. तुझं पत्र काल परत काढून वाचलं तेव्हा लक्षात आलं. आधी लिंबू, मग लाडू. अक्का, खरं सांग. गाडी पोचू नये असंच तुला वाटतं ना? पोचली तर माझ्याशी बोलावं लागेल, आणि ते तुला नकोच आहे. तसं असेल तर सरळ लिही. मी गाडी विकून टाकतो आणि तुझ्या दारात येणं बंद करतो.

कृष्णा


जे. पी. नगर
२० डिसेंबर २०२४

कृष्णा,

पत्र मिळालं. डबा परत पाठव.

अलका


यशवंतपूर
१८ ऑगस्ट २०२५

अक्का,

डबा घासून पाठवला होता, पोचला असेल. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, त्याचं उत्तर नाही. उगादीला पत्र टाकलं, त्याचंही नाही. गौरीला तुझ्याकडे येऊन खाली वॉचमनजवळ उभा राहिलो होतो गेल्या वर्षी, या वर्षी ते धाडसही होणार नाही.

हे पत्र तरी वाच. पुढच्या वर्षीपासून छप्पर नसलेल्या गाड्यांना शर्यतीत घेणार नाहीत. ठकुबाईला छप्पर लावायचं म्हणजे नवीनच गाडी बांधावी लागेल, आणि ती ठकुबाई नसेल. म्हणजे १४ सप्टेंबरची शर्यत ही तिची शेवटची. त्या दिवशी ती पोचली नाही तर कधीच पोचणार नाही. तुझी शपथ तू मोडणार नाहीस, हे मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. आपण मग मरेपर्यंत असे कागदच पाठवत राहणार.

जाळी बसवली आहे. वजन पाचशे सहा आहे, सगळं लोखंडाचं. आता डावीकडेही वळते. वेणुगोपालला आठवडाभर उपमा घरून आणायला सांगितला आहे.

मला तुझा आवाज ऐकायचा आहे. शिव्या दिल्यास तरी चालतील. बस्, एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळं भरताड आहे.

कृष्णा


जे. पी. नगर
२७ ऑगस्ट २०२५

कृष्णा,

शिवानीच्या हातमोज्यांना डाव्या अंगठ्याजवळ भोक पडलंय. मी शिवून दिलं आहे, पण नवे घे. 'एस. आर.' म्हणून माझ्यासमोर नाटकं करायची गरज नाही. मुलीचं आणि तिच्या बापाचं आद्याक्षर मला ओळखता येतं.

१४ तारखेला मला आनेकलला एका लग्नाला जायचं आहे. तेव्हा त्या बाजूला असेन. तुझ्या शर्यतीशी त्याचा संबंध नाही.

अलका


यशवंतपूर
१६ सप्टेंबर २०२५

अक्का,

पितृपक्षात कोणाचं लग्न असतं? हा प्रश्न मला तुझं पत्र वाचल्यावर लगेच पडायला हवा होता. तो पडला चार वाजून चार मिनिटांनी, तू ट्रॅकच्या भिंतीवरून उडी मारलीस तेव्हा. सहासष्टाव्या वर्षी, इरकल नेसून! भीमाचार्यांच्या अहवालात फक्त 'एक वयस्कर महिला' असं आलंय, म्हणून मी इथे नीट नोंदवून ठेवतो.

तुला तिथून काय दिसलं आणि काय नाही, कोण जाणे. म्हणून क्रमाने सांगतो. दहाला सुरू झालो. साडेपाच तास ठकुबाई एकदाही कुरकुरली नाही. शिवानी अशी चालवत होती की मी तिच्याकडे बघायचं सोडून घड्याळाकडेच बघत होतो. साडेतीनला इंजिनातून खडखडाट सुरू झाला. वेणुगोपाल ऐकून म्हणाला, "सार, आता ही फार तर एक फेरी जाईल." निकालात यायला लागणारं किमान अंतर आपण तोवर कापलं होतं. मग त्यानेच युक्ती काढली. शिवानीने शेवटची फेरी रांगत पुरी केली आणि रेषेच्या पंधरा फूट अलीकडे, भिंतीला लागून, गाडी उभी केली. इंजिन बंद. झेंडा पडेपर्यंत बसून राहायचं, पडला की सुरू करून पंधरा फूट जायचं. नियमात बसतं. भीमाचार्यांनी पुस्तकाचं कापड सोडून, कलम वाचून खात्री केली आणि स्वतः रेषेवर येऊन उभे राहिले.

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही सगळे त्या उन्हात झेंड्याकडे बघत उभे. चार वाजता झेंडा पडला. शिवानीने बटण दाबलं. इंजिन सुरू होईना. पण गाडी गिअरमध्ये होती, बटण दाबलं की स्टार्टरच तिला हिसका देऊन फूटभर पुढे सरकवायचा. तेही स्वतःच्या ताकदीवरच धरतात! हिसका, फूट. हिसका, फूट. वेणुगोपाल मोठ्याने मोजत होता. तेरा फूट गेली. बॅटरीचा आवाज बारीक होत चालला होता. शिवानी बटण सोडून जरा थांबली, बॅटरीला दम खाऊ द्यायला. दोन फूट राहिले होते.

आणि तेवढ्यात तू.

तू गाडीला मागून खांदा लावलास आणि माझ्याकडे बघून ओरडलीस, "बघत काय राहिलास मेल्या, ढकल की!"

अक्का, गाडीला हात लावायचा नाही हे मीच सकाळपासून वेणुगोपालला दहा वेळा बजावलं होतं. नियम मला झोपेत विचारला तरी सांगेन. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी बोललीस, आणि ढकल म्हणालीस. मी ढकललं. शिवानी आतून किंचाळत होती, "आई, हात काढ! मामा, हात काढा!" मला वाटलं, जोर लावा म्हणतेय. मी आणखी जोर लावला.

रेषा ओलांडली. भीमाचार्य म्हणाले, "बाहेरची मदत. नंबर सव्वीस निकालाबाहेर." मग चष्मा काढून पुसत हळूच म्हणाले, "अम्मा, स्वल्प थांबायचं होतं. आणखी दोन हिसके बसले असते." त्यांचेही डोळे ओले होते, पण त्यांनी लिहिलेलं खोडलं नाही.

तर ठकुबाईचा इतिहास असा संपला. शर्यती तीन, पुऱ्या शून्य. ती आता कारखान्यात ताडपत्रीखाली आहे. मला तिच्याबद्दल वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते डिसेंबरातल्या पत्राचं. जिला बोलायचं नसतं ती बाई भिंतीवरून उडी मारत नाही, हे मला कळायला एवढा वेळ लागला. मला माफ कर.

निकाल ऐकलास आणि तू तोंडाला पदर लावून एक शब्द न बोलता बसकडे चालू लागलीस. तेव्हाच समजलो, शपथ पुरी झालेली नाही. मी तुला मोड म्हणणार नाही. पत्रं लिहीत राहू. फक्त ते जे सहा शब्द बोललीस, ते मी धरायचे की सोडायचे, एवढं कळव. मला ते धरायचे आहेत.

गुडघा कसा आहे?

तुझा
कृष्णा


जे. पी. नगर
१९ सप्टेंबर २०२५

कृष्णा,

गुडघा सुजला आहे. उडी मारताना काही वाटलं नाही, बसच्या पायऱ्या चढताना वाटलं.

लिंबू मी बांधलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी बस पकडून आनेकलला गेले, शिवानीची आई म्हणून आत सोडलं. गाडीच्या पुढे एक गोल तोंड दिसलं, तिथे छान अडकेल असं वाटलं. हवा आत ओढते, हे मला काय माहीत? लाडू शिवानीला भूक लागेल म्हणून दिले होते. दोन वर्षं मी देवाला एकच मागत होते, ही एकदाची पोचू दे, मला माझ्या भावाशी बोलायचंय. आणि दर वेळी मीच तिला अडवत होते. तुझं डिसेंबरचं पत्र वाचून मी संध्याकाळपर्यंत रडले. शिवानी ऑफिसातून आली तर दिवासुद्धा लावलेला नव्हता. दुसरं काही लिहिता येईना म्हणून डब्याचं लिहिलं.

काल मी भीमाचार्यांना फोन केला. नंबर शिवानीने लावून दिला. मी म्हटलं, आचार्य, मला निकाल बदलून नको. मला एवढंच सांगा, गाडी शेवटपर्यंत पोचली की नाही पोचली? ते म्हणाले, पुस्तक बघून सांगतो. तासाभराने त्यांचाच फोन आला. "अम्मा, गाडी पोचली. मी रेषेवर उभा होतो, डोळ्यांनी बघितलं. निकालात नाही, पण पोचली. ही दोन कलमं वेगळी आहेत." मी म्हटलं, मला लेखी द्या. त्यांनी दिलं, सहीशिक्क्यासकट. शपथेत मी शेवटपर्यंत पोचेल एवढंच म्हटलं होतं. स्वतःच्या ताकदीवर, असं म्हटलं नव्हतं.

आणि तसं बघितलं तर आई तरी शेवटची दोन वर्षं स्वतःच्या ताकदीवर कुठे चालत होती? एका बाजूने तू धरायचास, एका बाजूने मी. तिला कोणी निकालाबाहेर काढलं नाही. मी गाडीला खांदा लावला तेव्हा समोर तिचं नाव नव्हतं, ते पुढच्या बाजूला होतं, तरी मला तेच आठवत होतं. नाव तू चांगलं ठेवलंस. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा विचारू नकोस.

ते सहा शब्द धर.

आता हे पाकीट बंद करून खालच्या पेटीत टाकते आणि वर येऊन तुला फोन लावते. म्हणजे हे तुझ्या हातात पडेल तोवर आपण बोललेले असू. बहुतेक भांडलेलेही असू.

अलका